ढोमा म्हणजे नेमका कोणता? गरीवर येणाऱ्या ढोमा-घोळीचं ओळखपत्रक: प्रकल्प नोंदी

4 ऑगस्ट 2024

पावसाळी मासेमारीबंदीचे दोन महिने 31 जुलैला संपले. धक्क्यांवर माल उतरू लागला की नमुने मिळतील, म्हणून वही आजपासून सुरू.

डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत खडकावरून, जेट्टीवरून, खाडीच्या मुखाशी गरवणाऱ्यांसाठी, म्हणजे गरीने (गळाने) मासे पकडणाऱ्यांसाठी, एक ओळखपत्रक करायचं आहे. आकार ए-पाच, दोन्ही बाजूंनी छापलेलं, लॅमिनेट केलेलं, गळ-शिशाच्या डब्यात मावेल असं. मासा हातात असताना, सुरी न लावता, एका मिनिटात उत्तर मिळालं पाहिजे, एवढीच अट.

या माशांचं शास्त्रीय घराणं सायनिडी. जगभरात त्यात पावणेतीनशेच्या वर जाती आहेत. आपल्याकडे त्या सगळ्यांसाठी रोजच्या बोलण्यात तीनच मोठी नावं: घोळ, कोथ आणि ढोमा. त्यातलं ढोमा म्हणजे टोपली आहे, मासा नव्हे. डझनभर जाती त्या एका शब्दात बसतात. दक्षिणेकडे सरकलं की त्याच टोपलीला डोडी म्हणतात, गोव्यात दोडयारो.

नावांचा तक्ता आजच आखला. रकाने: नाव, धक्का किंवा गाव, सांगणारा कोण (विकणारी, तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख, गरवणारा, गिऱ्हाईक), माशाची लांबी, नमुना क्रमांक. विचारण्याची पद्धतही ठरवून टाकली: मासा समोर धरायचा आणि "याला काय म्हणता?" एवढंच विचारायचं. "हा ढोमा ना?" असं विचारलं की समोरचा मान डोलावतो आणि तक्ता वाया जातो.

7 ऑगस्ट

पहिला प्रश्न: मासा या घराण्यातला आहे की नाही?

सगळीकडे सांगितली जाणारी खूण म्हणजे अंगाच्या मधोमध जाणारी पार्श्वरेषा शेपटीच्या परावरून थेट टोकापर्यंत जाते. खूण खरी आहे. मासा पाण्यातून काढून फडक्याने टिपला आणि उजेड तिरपा घेतला, की शेपटीच्या मधल्या काड्यांवरून जाणारी बारीक खवल्यांची ओळ स्पष्ट दिसते.

पण ही एकटी खूण पत्रकावर टाकली असती तर पहिल्याच आठवड्यात तोंडावर पडलो असतो. जिताड्याचीही पार्श्वरेषा शेपटीवर उतरते, आणि खाडीत गरवणाऱ्याला जिताडा हमखास भेटतो. म्हणून दुसरी खूण सोबत लागणारच: गुदपराचे, म्हणजे गुदद्वारामागच्या पराचे, काटे. सायनिडीत ते दोन, जिताड्यात तीन. शिवाय जिताड्याचं कपाळ डोळ्याच्या वर खोलगट असतं, शेपूट गोल असतं, आणि रात्री बॅटरी मारली तर डोळा चमकतो.

तिसरी खूण पाठीच्या पराची. पर लांबच लांब, पुढच्या काटेरी भागाच्या आणि मागच्या मऊ भागाच्या मध्ये खोल खाच, पण दोन्ही भाग तळाशी जोडलेले. रावस आणि दाढा इथेच वेगळे पडतात: त्यांच्या पाठीवर दोन वेगवेगळे पर, शेपूट खोल दुभंगलेलं, आणि छातीच्या पराखाली सुटे धागे. रावसाला चार, दाढ्याला पाच. सायनिडीचं शेपूट कधीच खोल दुभंगलेलं नसतं. ते टोकदार, चौकटच्या पानासारखं, गोलसर किंवा सरळ कापल्यासारखं असतं.

आवाजाची खूण पत्रकावर घ्यायची नाही. "बोलतो तो ढोमा" असं बरेचजण सांगतात, पण करकराही बोलतो (त्याचं नावच त्यावरून पडलंय) आणि शिंगाळाही. करकरा घशातले दात एकमेकांवर घासतो. ढोम्याचा आवाज हवेच्या पिशवीलगतच्या स्नायूंचा, ढोलकीसारखा घुमणारा. पोटाला बोटं लावली तर थरथर कळते. पण बऱ्याच जातींत हा स्नायू फक्त नरात असतो, त्यामुळे मादी गप्पच राहते. बोलला नाही म्हणून मासा बाद करता येत नाही.

मलेशियाच्या पूर्व किनाऱ्यावर, तेरेंगानूकडे, होडीतून पाण्यात डोकं बुडवून याच माशांचा आवाज ऐकणारे 'जुरू सेलाम' असत. कोणता थवा, किती लांब, कुठल्या दिशेला, हे ते आवाजावरून सांगत. म्हणजे आवाजावरून जात ओळखता येते, पण त्यासाठी आयुष्यभर तयार केलेला कान लागतो. एका मिनिटाच्या पत्रकात ते बसणार नाही.

11 ऑगस्ट

तक्त्यात भर पडतेय आणि एक गोष्ट दिसू लागलीय. विकणाऱ्या बाईचं नाव आणि गरवणाऱ्याचं नाव एकाच माशाला वेगळं पडतं, कारण दोघांना वेगळी गोष्ट सांगायची असते. तिला आकार, भाव आणि तुकडी पडेल की अख्खा तळावा लागेल, हे सांगायचं असतं. वीतभर लांबीचे सगळे रुपेरी मासे तिच्या पाटीत ढोमा, आणि ते तिच्या कामासाठी पुरेसं आहे. गरवणाऱ्याला मात्र तोच मासा पुन्हा मिळवायचा असतो, म्हणून त्याला तळाशी चरणारा आणि मधल्या पाण्यात झेपावणारा वेगळा ओळखावा लागतो.

त्यामुळे पत्रकावर "चुकीचं नाव" असा रकाना असणार नाही. त्याऐवजी "या नावाखाली कोणकोण येतं" असा रकाना.

18 ऑगस्ट

घोळ आणि कोथ. दोन्ही मोठे होतात, दोन्हींची हवेची पिशवी महाग विकली जाते, आणि मधल्या आकारात दोन्ही एकमेकांच्या नावाने खपतात.

घोळ म्हणजे प्रोटोनिबिया डायाकॅन्थस. लांबी दीड मीटरपर्यंत जाते. जातीच्या नावाचा अर्थच 'दोन काट्यांची'. गुदपरातला पहिला काटा इवलासा, दुसरा जाडजूड आणि लांब, बोटाला रुततो. पाठीवर, पाठीच्या परावर आणि शेपटीवर काळे ठिपके विखुरलेले. मासा जुना झाला की अंगावरचे ठिपके पुसट होतात, परांवरचे शोधले तर सापडतात. नोव्हेंबर 2023 मध्ये गुजरातने हिला राज्य मासा जाहीर केलं, आणि ऑगस्ट 2021 मध्ये पालघर जिल्ह्यातल्या मुरबे गावच्या बोटीला दीडशेच्या वर घोळी एकदम मिळाल्याची बातमी गाजली होती. तेव्हापासून गरीवर आलेला प्रत्येक मोठा ढोमा "घोळ" म्हणून फोटोत मिरवतो.

कोथ म्हणजे ओटोलिथॉइडिस बायऑरिटस. अंग लांबट, रंग पितळेसारखा, अंगावर ठिपके नाहीत. शेपूट मागे निमुळतं होत टोकदार. गुदपराचा दुसरा काटा बारीक आणि आखूड, मऊ काड्यांच्या आड जवळपास लपलेला.

दोघांसाठी पत्रकावर एकच कृती: मासा उताणा करा, गुदद्वाराच्या मागे अंगठा ठेवा, शेपटीकडे सरकवा. जाड काटा अडला तर घोळीची बाजू, काही अडलंच नाही तर कोथची. ठिपके नंतर बघा. रंगाकडे सगळ्यात शेवटी जायचं, कारण बर्फात पडलेला पितळी मासा चार तासांत करडा दिसू लागतो.

25 ऑगस्ट

आजची नोंद लांबणार, कारण सगळ्यात महागाची चूक इथेच होते.

वीतभर लांबीच्या पिल्लू घोळीच्या पाठीवर पाच मोठे गडद डाग असतात. निबिया मॅक्युलाटा या लहान जातीच्या अंगावरही पाच गडद पट्टे असतात. एकाचं पिल्लू आणि दुसऱ्याचा पूर्ण वाढलेला मासा पाटीत शेजारी पडले की दोन्ही "पट्ट्यांचा ढोमा" म्हणून जातात. पहिला सोडला असता तर पाण्यात राहून मीटरभर वाढला असता. दुसरा जेमतेम फूटभर होतो.

फरक कसा करायचा? दोन नमुने पांढऱ्या थर्माकोलवर शेजारी ठेवून पाहिले. पहिला, 19 सेंमी: पाठीवरचे डाग गोलसर, एकमेकांपासून सुटे, पार्श्वरेषेच्या फारसे खाली न उतरणारे. पाठीचा पर चिमटीत धरून वर ताणला तर पारदर्शक पडद्यावर मोहरीएवढे काळे ठिपके, शेपटीवरही तसेच. दुसरा, 21 सेंमी: डाग नव्हेत, पट्टेच. रुंद, तिरके, पाठीपासून पुढे-खाली उतरणारे. पर ताणला तर मोहरीचे ठिपके नाहीत, कडेला नुसती काळपट झाक.

म्हणजे ठरवणारी खूण अंगावर नसून परावर आहे, आणि मिटलेल्या परात ती दिसत नाही. लोकांनी पाठवलेल्या बहुतेक फोटोंत पर मिटलेलाच असतो. पत्रकावर या जोडीला स्वतंत्र चौकट द्यायची, आणि तिच्या डोक्यावर मोठ्या अक्षरात: "पर उघडा, मग बोला."

चौकटीत एक ओळ आणखी: खात्री नसेल आणि मासा जिवंत असेल, तर घोळ समजा आणि सोडा.

1 सप्टेंबर

सुळेवाले ढोमे. ओटोलिथिस गण (गण म्हणजे घराण्यातल्या जवळच्या जातींचा गट). तोंड मोठं, समोर उघडणारं, खालचा जबडा किंचित पुढे. दोन्ही जबड्यांच्या पुढच्या टोकाला बाकी दातांपेक्षा उघडपणे मोठे सुळे. इंग्रजीत यांना वाघदात्या अशा अर्थाचं नाव आहे, आणि ते बरोबर बसतं. अंग सडपातळ, रुपेरी, पाठ तपकिरी.

आपल्याकडे दोन मुख्य जाती: ओटोलिथिस कुव्हिएरी आणि ओटोलिथिस रुबर. रुबर बराच मोठा होतो. मुंबईच्या बाजारात ढोमा म्हणून भरपूर येणारा कुव्हिएरी. पण लहान रुबर आणि मोठा कुव्हिएरी वेगळे करायला कल्ल्याच्या आतल्या काट्यांकडे जावं लागतं, आणि ते जिवंत माशावर करण्यासारखं काम नाही. म्हणून पत्रकावर दोन्ही मिळून एकच नोंद: "सुळेवाला ढोमा". जातीपर्यंत नेण्याचा हट्ट इथे सोडला. गणापर्यंतचं बरोबर उत्तर जातीपर्यंतच्या अंदाजापेक्षा कामाचं.

गरवणाऱ्यासाठी उपयोगाचं: हा मासा झेपावतो, जिवंत कोळंबी आणि लहान मासळीवर येतो. सुळे तंगुसाला (गळाच्या नायलॉन दोरीला) घासतात, म्हणून गळाच्या वर वीतभर जाड तंगूस लावलेला बरा. गळ काढताना बोट तोंडात घालू नये. पक्कड वापरावी.

8 सप्टेंबर

तोंड खाली असलेले ढोमे. जॉनियस गण, आणि याच गणाने सगळ्यात जास्त वेळ खाल्ला.

नाक बोथट, पुढे आलेलं. तोंड लहान आणि त्याच्या खाली, जणू मासा तळाकडेच बघतोय. सुळे अजिबात नाहीत. खालच्या जबड्यावरून बोटाचं टोक फिरवलं तर बारीक कानशीसारखं लागतं, कारण तिथले दात सगळे सारखे आणि अगदी लहान. तळाचे किडे, शिंपले, लहान कोळंबी हे त्याचं खाणं. उधाणात वाहत्या पाण्यापेक्षा भांगात (लहान भरती-ओहोटीच्या दिवसांत), चिखलाच्या तळावर शिसं टेकवून बसलं तर हा बरा येतो, आणि त्याची ओढ बारीक, टोचल्यासारखी असते.

हनुवटी पाहण्याची रीत: मासा उताणा, हनुवटी कोरड्या फडक्याने टिपून घ्यायची, तोंडाने हलकी फुंकर मारायची, मोबाईलची बॅटरी बाजूने तिरपी धरायची आणि दहापट भिंगातून बघायचं. जॉनियसमध्ये टाचणीने टोचल्यासारखी पाच छिद्रं दिसतात. ओटोलिथिसमध्ये ती इतकी बारीक की जवळपास नाहीतच. ओल्या हनुवटीवर छिद्रात पाणी भरून राहतं आणि काहीच दिसत नाही. पहिले तीन नमुने याचमुळे "छिद्रं नाहीत" म्हणून लिहिले गेले होते. तिन्ही नोंदी खोडून नव्याने लिहिल्या.

हनुवटीला एकच आखूड मिशी लोंबत असेल तर बहुधा डेंड्रोफायसा रसेली. मानेवर गडद डागही असेल तर खात्री. जॉनियसच्या काही जातींनाही मिशी असते, म्हणून डाग पाहिल्याशिवाय लिहायचं नाही.

जॉनियस हे नाव जर्मन मत्स्यशास्त्रज्ञ ब्लॉखने 1793 मध्ये दिलं, तमिळ किनाऱ्यावरच्या तरंगंबाडीच्या मिशनमधून त्याला मासे पाठवणाऱ्या क्रिस्टोफ सॅम्युअल जॉनवरून. त्याच वर्षी नाव दिलेली एक जात जॉनियस कारुट्टा. त्यात तमिळमधला 'करुत्त', काळा, जसाच्या तसा आहे. म्हणजे किनाऱ्यावरच्या माणसाने सांगितलेलं नाव सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ शास्त्राच्या वहीत टिकून आहे.

15 सप्टेंबर

फोटो. आतापर्यंतच्या फोटोंपैकी निम्म्याहून अधिक टाकून द्यावे लागले. काय बिघडतं ते लिहून ठेवतो.

बर्फाचं गोडं पाणी डोळे पांढरे करतं आणि पोटावरची पिवळी झाक घालवतं. क्रेटमध्ये रगडून शेपटीवरची खवलं निघतात, मग पार्श्वरेषा मध्येच संपल्यासारखी दिसते. टोकदार शेपटीचं टोक मोडतं आणि ती बोथट दिसते, की कोथचा लगेच "दुसराच कुठला तरी" होतो. मोडलेलं शेपूट ओळखायची सोपी खूण: काड्यांची टोकं एका रेषेत कापल्यासारखी, कडेचा पातळ पडदा नाही.

ठरवलेली पद्धत: थर्माकोलचा पांढरा तुकडा, सावलीत. मासा डावी बाजू वर, डोकं डावीकडे. पाठीचा पर, गुदपर आणि शेपूट ओल्या कुंचल्याने उघडून मागे टाचण्या. टाचणी परातून नाही, काडीला टेकवून. खाली पट्टी. मोबाईल बरोबर वरून, साधारण पाऊण मीटरवर धरून थोडं झूम करायचं. फार जवळून घेतलं तर डोकं फुगतं आणि नाक बोथट दिसतं, आणि सुळेवाला ढोमा फोटोत जॉनियस वाटू लागतो.

पाच फोटो, याच क्रमाने: पूर्ण बाजू, उघडं तोंड समोरून, हनुवटी खालून, गुदपर जवळून, शेपूट जवळून. लांबी दोन प्रकारे: नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत, आणि नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत. शेपूट मोडलं असेल तर दुसरीच खरी.

22 सप्टेंबर

सुरी न लावण्याची अट पत्रकाला आहे, आमच्या पडताळणीला नाही. गण पक्के ठरतात ते हवेच्या पिशवीवर आणि कानातल्या दगडावर. हिंद-पॅसिफिकच्या सायनिडींची जी मांडणी मत्स्यशास्त्रज्ञ ट्रेवावास यांनी 1977 मध्ये केली, तिचाही मुख्य आधार हाच. त्यासाठी मासा मुद्दाम मारायची गरज नाही. कापून घेणाऱ्या गिऱ्हाइकाची डोकी आणि आतडी पुरतात. विकणारीला आधी सांगून ठेवायचं, आणि मासा कापण्यापूर्वी पाच फोटो घ्यायचे. नाहीतर डोकं कुठल्या माशाचं हेच कळत नाही.

पिशवी, म्हणजे बाजारात जिला बोत किंवा भोत म्हणतात ती: कण्याला चिकटलेली, पांढरट, चिवट. पोट उघडून आतडी बाजूला केली की दिसते. ओढली तर कडेच्या फांद्या तुटतात आणि सगळी माहिती त्या फांद्यांत असते. बोटाने कडेने सोडवत न्यायची, मग पांढऱ्या ताटलीत पाणी घालून तरंगवायची. पाण्यात फांद्या आपोआप पसरतात. घोळीत पिशवी गाजरासारखी आणि दोन्ही कडांना झाडासारख्या फुटलेल्या फांद्यांच्या जोड्या. कोथमध्ये नळीसारखी एकच जोडी. जॉनियसमध्ये पिशवीचं पुढचं टोक आडवं रुंदावलेलं, हातोड्यासारखं, आणि पहिली जोडी डोक्याकडे शिरलेली. ताटलीत तरंगणाऱ्या या तीन पिशव्या एकदा शेजारी पाहिल्या की या माशांना एका नावाची टोपली पुरणार नाही हे कुणालाही पटेल.

डोक्यातला दगड: कल्ले काढा, कवटीचा तळ मांस खरवडून मोकळा करा. मागच्या भागात दोन फुगवटे दिसतात. फुगवट्यावर सुरीचं टोक आडवं ठेवून दाबलं की पातळ हाड तडकतं आणि आत पांढरा, चिनीमातीसारखा दगड. चिमट्याने उचला, बोटांत घासून धुवा, सावलीत वाळवा, कागदी पाकिटात ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत दमट राहिला तर बुरशी येते. दगडाच्या आतल्या बाजूला बेडकाच्या पिल्लासारखा ठसा असतो: गोल डोकं आणि वळलेली शेपटी. सायनिडीत हे दगड अंगाच्या मानाने फार मोठे, म्हणून ढोमा खाताना दाताखाली खडा येतो.

6 ऑक्टोबर

इतर किनाऱ्यांची नावं. ही पत्रकाच्या मागच्या बाजूला घालतोय, कारण इंटरनेटवर शोधताना लोक याच शब्दांत अडकतात.

तमिळ: कत्तालै, पन्ना. मल्याळम: कोरा. बंगाली: भोला, आणि मोठ्या महागड्या माशाला तेलिया भोला. कराचीकडे सुवा आणि मुश्का. यातली किती नावं शास्त्रात गेली ते पाहण्यासारखं आहे. गंगेच्या माशांवर लिहिणाऱ्या हॅमिल्टनने 1822 मध्ये गंगेच्या मुखाजवळच्या माशांना 'बोला' गणात घातलं, तो बंगालचा भोलाच. आर. एस. लाल मोहन यांनी 1969 मध्ये कथाला आणि पन्ना हे दोन गण मांडले, दोन्ही नावं तमिळ किनाऱ्यावरची. मराठी किनाऱ्याचं नाव मात्र कुठल्याही गणाला मिळालेलं नाही, याची रुखरुख वाटते.

इंग्रजी नावांचा गुंता यापेक्षा वाईट. मुंबईतल्या मेनूकार्डावर घोळ 'ज्यूफिश' असते. उत्तर ऑस्ट्रेलियात तीच घोळ 'ब्लॅक ज्यूफिश'. पण अमेरिकेत 'ज्यूफिश' म्हणजे अवाढव्य हेकरू, ज्याचं नाव 2001 मध्ये बदलून 'गोलायथ ग्रूपर' करण्यात आलं. जुन्या लेखांत जुनंच नाव आहे. त्यामुळे 'ज्यूफिश' शोधून मिळालेला गळाचा आकार आणि आमिष अमेरिकेतल्या खडकातल्या हेकरूसाठी असू शकतं. 'किंगफिश' आपल्याकडे सुरमई, पण अमेरिकेच्या दोन्ही किनाऱ्यांवर सायनिडीतल्या माशांनाही तेच म्हणतात.

नाव चुकल्याने काय होतं याचं पक्कं उदाहरण दक्षिण आफ्रिकेचं. तिथे 'कोब' या नावाखाली आणि एकाच शास्त्रीय नावाखाली दोन जाती वर्षानुवर्षं एकत्र मोजल्या जात होत्या. ग्रिफिथ्स आणि हीमस्ट्रा या संशोधकांनी 1995 मध्ये त्या वेगळ्या केल्या. त्यातली एक जात मीटरभर झाल्यावर प्रौढ होते, दुसरी त्याच्या निम्म्याहूनही कमी लांबीला. एकाच मापाचा नियम दोघींना लावला तर मोठी होणारी जात अंडी घालण्याआधीच पकडली जाते. पिल्लू घोळ आणि पट्ट्यांचा ढोमा यांचं दुखणं हेच.

13 ऑक्टोबर

फोटोवरून ओळखणारी मोबाईल अॅप तपासली. मिटलेल्या परांच्या फोटोवर उत्तर दर वेळी वेगळं. 15 सप्टेंबरच्या पद्धतीने काढलेल्या फोटोवर घराणं बरोबर, गण कधीकधी. पत्रकावर अॅपचा उल्लेख नको.

27 ऑक्टोबर

पहिला मसुदा गरवणाऱ्यांच्या हातात दिला. चुका पटकन वर आल्या.

"गुदपराचे काटे मोजा" ही ओळ कामाची नव्हती. पहिला काटा तांदळाच्या कणीएवढा आणि कातडीत दबलेला, त्यामुळे सायनिडीत लोकांनी एकच मोजला आणि जिताड्यात दोन. दोन आले म्हणून जिताडा ढोम्यांत गेला. बदल: आधी कपाळाचा उतार आणि शेपटीचा आकार, मग काटे. आणि काट्यांच्या चित्रात पहिल्या बारीक काट्यावर वेगळा बाण, "नखाने चाचपा" असं लिहून.

"तोंड खाली" हे शब्द काहींनी "जबडा खाली पडलेला" असे घेतले. आता रेखाचित्र: तोंड मिटलेलं असताना बाजूने, नाकाच्या टोकाखाली एक उभी रेघ. तोंड रेघेच्या मागे तर जॉनियस, रेघेवर किंवा पुढे तर ओटोलिथिसच्या बाजूचा.

मोठा डोळा आणि तिरकं वर उघडणारं तोंड असलेला पेनाहिया या मसुद्यात नव्हता. तो भरपूर आला आणि प्रत्येकाने वेगळ्या घरात टाकला. त्याला रांग दिली. छातीच्या पराच्या बगलेत काळा डाग असलेला कथाला अॅक्सिलॅरिसही घेतला. आतून काळ्या तोंडाचा अॅट्रोबुका वगळला, तो खोल पाण्यातला, किनाऱ्यावरच्या गरीवर येत नाही.

10 नोव्हेंबर

सोडण्याच्या सूचना. होडीतून खोल पाण्यात गरवणाऱ्यांसाठी हे महत्त्वाचं: या माशांची पिशवी बंद असते, वर येताना हवा फुगते आणि बाहेर सोडायला वाट नसते. दहा मीटरपेक्षा खोलातून ओढलेल्या घोळीचं पोट फुगतं, डोळे बाहेर येतात, जठर तोंडातून डोकावतं. ऑस्ट्रेलियात ब्लॅक ज्यूफिशच्या बाबतीत हाच मोठा प्रश्न आहे. असा मासा पाण्यात सोडला तर पोहत गेल्यासारखा दिसतो आणि नंतर मरतो. तोंडातून आलेलं जठर टोचू नये. पिशवी ती नव्हे. म्हणून पत्रकावर: खोल पाण्यात पिल्लू घोळी एकामागून एक लागत असतील तर जागा बदला.

उथळ पाण्यातला मासा सोडणं सोपं: हात ओले करा, कल्ल्यात बोट घालू नका, फोटो एका मिनिटात, गळ खोल गिळला असेल तर तंगूस तोंडाशी कापा.

24 नोव्हेंबर

नावांच्या रकान्याचा अंतिम मजकूर लावला. नमुन्यादाखल एक रांग जशी छापायला जाईल तशी:

ढोमा (मुंबई, पालघर), डोडी (दक्षिण कोकण), दोडयारो (गोवा): एका जातीचं नाव नाही. तोंड समोर आणि सुळे असतील तर सुळेवाला ढोमा. तोंड नाकाखाली, सुळे नाहीत, हनुवटीला पाच छिद्रं असतील तर जॉनियस. पाठीवर पाच डाग असतील तर पर उघडून ठिपके पाहा, चौकट क्रमांक 3.

8 डिसेंबर

पहिली छपाई तपासली. चौकट 3 मध्ये पिल्लू घोळीच्या परावरचे ठिपके छपाईत नाहीसे झालेत, पडद्याचा करडा रंग फार गडद गेलाय. तीच चौकट चुकली तर पत्रक वाटण्यात अर्थ नाही. गठ्ठा परत पाठवला. परताव्यासोबत 25 ऑगस्टच्या 19 सेंमी नमुन्याचा मूळ फोटो, पडदा उजळ करून, आणि ठिपके खऱ्या आकाराच्या दुप्पट दाखवणारं गोल भिंग-चित्र. मिशीच्या रांगेत "मानेवर डाग" हे शब्द ठळक करायचे राहिलेत, तेही याच फेरीत.